बघणं आणि दर्शन : कार्ल्याच्या हत्तींपासून कात्रजपर्यंत

मागच्या व्याख्यानानंतर लोणावळ्याच्या एका श्रोत्याने विचारलं, "सर, नातवंडांना प्राणिसंग्रहालयात न्यावं की नाही? पिंजरे बघून मुलं काय शिकणार?" प्रश्न साधा वाटतो, पण उत्तर द्यायला आपल्याला बरंच मागे जावं लागेल.

सुरुवात मावळातूनच करू. कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांच्या माथ्यावर हत्ती बसलेले आहेत आणि त्यांच्यावर स्त्री-पुरुषांच्या जोड्या. बेडश्याच्या खांबांवर हत्तींबरोबर घोडे आणि बैलही आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराने प्राण्याला माणसाच्या सोबतीला बसवलं. पुढे खंडाळ्याच्या घाटात वाघजाई आली. जिथे खऱ्या वाघाची भीती होती, तिथे वाघाच्या नावाने देवी उभी राहिली. म्हणजे आपल्या लोकांनी वाघाला आधी हात जोडले. बघायला जाणं फार नंतर आलं.

ते आलं सत्तेबरोबर. पर्वतीच्या पायथ्याशी सवाई माधवराव पेशव्यांचा शिकारखाना होता. शिकवलेली काळविटं वाद्यांच्या आवाजावर तंबूत येत आणि झोपाळ्यावरही चढत, अशी हकीकत पारसनिसांच्या पुण्यावरच्या इंग्रजी पुस्तकात आहे. हा खेळ इंग्रज वकील मॅलेट यांना दाखवला गेला. पाहुण्याला प्राणी दाखवायचे म्हणजे आपलं वैभव दाखवायचं. पण ज्या तरुण पेशव्याला प्राण्यांचं इतकं वेड, तो स्वतः कारभाऱ्यांच्या देखरेखीत वाढला आणि 1795 मध्ये, एकविसाव्या वर्षी, शनिवारवाड्यात वरून पडून गेला. बंदिस्त कोण होतं, हा प्रश्न आम्हाला अजून सुटलेला नाही.

मग बाग लोकांची झाली. मुंबईत भायखळ्याची राणीची बाग 1862 मध्ये खुली झाली. पुढच्याच वर्षी बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि मावळच्या माणसाला भायखळा जवळ आलं. पुण्यात महापालिकेने 1953 मध्ये पेशवे पार्क उभारला. 1956 मध्ये तिथे फुलराणी धावू लागली. आमच्या पिढीला लोणावळ्याहून गाडीने पुण्याला नेत, डबा बरोबर, आणि खरं सांगायचं तर आम्हाला सिंहापेक्षा फुलराणीचं आकर्षण जास्त!

पण पुढे एका प्राणिसंग्रहालयात एक वाघ बघितला. चार पावलं पुढे, चार पावलं मागे, पुन्हा तेच. लोक खडे मारत होते, हसत होते. आम्ही हसलो नाही, पण थांबवलंही नाही. ते अजून बोचतं.

म्हणूनच पुढचा टप्पा महत्त्वाचा. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा झाला, 1991 मध्ये त्यात प्राणिसंग्रहालयांसाठी तरतुदी आल्या. प्राण्यांना चिडवणं, खायला घालणं, आवाज करून त्रास देणं गुन्हा ठरलं. पेशवे पार्कातले प्राणी कात्रजला गेले. 1999 मध्ये सुरू झालेलं हे राजीव गांधी प्राणिसंग्रहालय सुमारे 130 एकरांवर, तळ्याच्या काठी आहे. तिथे प्राण्याभोवती भिंतींऐवजी खंदक आणि झाडं आहेत. वाघ झाडीत गेला, तर दिसत नाही. मुलं हिरमुसतात. आमच्या मते शिक्षण नेमकं तिथेच सुरू होतं.

आमचा विषय दर्शनशास्त्र. आपल्या भाषेत देवाचं दर्शन 'होतं'. मागितलं म्हणून मिळेलच असं नाही. 'बघण्या'त मात्र मालकी असते: तिकीट काढलंय, वाघ दाखवा!

तेव्हा मुलांना जरूर न्या. बुधवार सोडून जा, कारण त्या दिवशी कात्रजचं संग्रहालय बंद असतं. जाण्याआधी एकदा कार्ल्याचे हत्ती दाखवा. आणि घाटात गाडी थांबवून माकडांना वेफर्स टाकण्याचा मोह आधी आपण, मोठ्यांनी, आवरू या. कात्रजला खंदकाशी वाघाची वाट बघत थांबलेलं मूल विचारेल, "आजोबा, तो कधी येणार?" तेव्हा म्हणावं, "त्याला वाटेल तेव्हा." एवढं त्या मुलाला पटलं, तर फेरी सार्थकी लागली म्हणायची.