लाल दोरा आणि यंत्रपक्षी

उंचावरून आपले गाव कसे दिसत असेल, हे कुतूहल माणसाला पूर्वापार आहे. ते चित्र टिपण्यासाठी कोणते वाहन निवडावे, हा प्रश्न मात्र छायाचित्रणकलेबरोबरच जन्मास आला. १८५८ साली नादार या फ्रेंच छायाचित्रकाराने पॅरिसनजीक फुगा पत्करला. १९०६ साली भूकंपाने उद्ध्वस्त झालेले सॅन फ्रान्सिस्को जॉर्ज लॉरेन्सने पतंगांच्या मालिकेला कॅमेरा बांधून टिपले. त्याच सुमारास नॉयब्रोनर नावाच्या जर्मन औषधविक्रेत्याने तर कबुतराच्या छातीवर चिमुकला कॅमेरा चढविला! परंतु फुगा व पतंग वाऱ्याचे बांधील आणि कबुतर स्वतःच्या मर्जीचे. आज्ञाधारक वाहन हवे होते. निकोला टेस्लाने १८९८ साली न्यूयॉर्क येथे बिनतारी लहरींनी होडी चालवून दाखविली, त्या आज्ञाधारकपणाचा तो आरंभ होय.

पुढे बिनतारी आज्ञेने उडणारी विमाने आली आणि निवडीचा पेच अधिक सूक्ष्म झाला. स्थिर पंखांचे विमान थोड्या इंधनात दूरचा पल्ला गाठते. पण त्याला थांबणे ठाऊक नाही, वेग सुटला की ते खाली आलेच. शिवाय उतरावयास मोकळे मैदान हवे. पंखा पुढे असेल तर तो चित्रात डोकावतो, म्हणून तो मागे असलेला बरा. आणि इंजिनाची थरथर कॅमेऱ्यापर्यंत पोहोचू नये, हेही पाहावे लागते. उलट, चार-सहा पंख्यांचे यंत्र जागच्या जागी उभे राहते, अंगणातून उठते नि अंगणातच उतरते. मात्र त्याचा दम थोडका. तेव्हा सर्वोत्तम यंत्र कोणते, असे विचारण्यापेक्षा काम कोणते, हे आधी विचारावे.

दिल्लीत आणखी एक प्रश्न पुढे येतो, तो परवानगीचा. २०१८ च्या नियमावलीने विजय चौकापासून ५ किलोमीटरच्या परिसरात अशा उड्डाणांस मनाई केली होती. २०२१ च्या नियमांनी आकाशाचे हिरवे, पिवळे व तांबडे असे विभाग पाडले, आणि २५० ग्रॅमपर्यंतच्या चिमुकल्या यंत्रापासून १५० किलोंहून जड यंत्रापर्यंत वजनाप्रमाणे वर्ग ठरविले. राजधानीत यंत्र निवडणाऱ्याने तराजू आणि नकाशा दोन्ही जवळ ठेवावेत, हे उत्तम.

परंतु या यंत्राचे खरे मोल राजधानीच्या वेशीबाहेर कळते. दिल्ली-हरियाणाकडे जुन्या महसुली नकाशांवर वस्तीभोवती तांबडी रेघ ओढलेली असे. तिला 'लाल दोरा' म्हणतात. आपल्याकडचे गावठाण तेच. रेघेबाहेरच्या शेताची नोंद काटेकोर, पण रेघेआतल्या घरांची नोंद बहुधा नसेच. पिढ्यान्‌पिढ्या राहत्या घराचा कागद हाती नसे. मग त्यावर बँकेचे कर्ज कोठून मिळणार? भावाभावांचा वाद तरी कोणत्या आधाराने मिटणार?

२४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने 'स्वामित्व' योजना आरंभिली. भारतीय सर्वेक्षण विभागाने, म्हणजे १७६७ पासून साखळी व दुर्बीण घेऊन हा देश मोजीत आलेल्या संस्थेने, आता यंत्रपक्षी हाती घेतला. ११ ऑक्टोबर २०२० रोजी सहा राज्यांतील ७६३ गावांतील लोकांना मिळकतपत्रे मिळू लागली. त्यांत हरियाणाची २२१ आणि महाराष्ट्राची १०० गावे होती.

या कामातील एक तपशील मला फार बोलका वाटतो. उड्डाणापूर्वी गावकरी व कर्मचारी मिळून प्रत्येक मिळकतीच्या हद्दीवर चुन्याची पांढरी रेघ ओढतात. वरचा डोळा तीच रेघ टिपतो. भिंत कोठे आहे, हे यंत्र काही सेंटिमीटरांच्या अचूकतेने सांगेल. ती कोणाची, हे त्याला सांगता येत नाही. ते शेजाऱ्याशेजाऱ्यांनी एकमेकांसमोर उभे राहूनच ठरवावे लागते, आणि त्यानंतर हरकतींची सुनावणीही व्हावी लागते. म्हणून यंत्र निवडताना जितकी चिकित्सा करावयाची, तितकीच चुना टाकण्याच्या त्या सकाळी सारे हक्कदार, विशेषतः विधवा, बहिणी आणि परगावी गेलेले भाऊ, हजर आहेत ना, याचीही करावी. यंत्र चुकीचे निवडले तर उड्डाण पुन्हा करता येते. चुकीच्या रेघेवर मिळकतपत्र झाले, तर ती चूक निस्तरण्यास एक पिढी पुरत नाही.