जुनी पिकअप परत उभी करायची की नवीच ठेवायची? आधी थोडा इतिहास

आमच्या दारात दोन पिकअप आहेत. एक अण्णांनी 1997 साली घेतलेली, जीपच्या तोंडाची, गेली तीन वर्षं जागेवर. दुसरी 2021 ची, तिचे 14 हप्ते बाकी. भाऊ म्हणतो नवी विकून कर्ज मोकळं करू आणि जुनी चांगली बनवून घेऊ. पोरगा म्हणतो जुनी भंगारात घाला. टोमॅटोचा तोडा तोंडावर आलाय, म्हणजे निर्णय आत्ताच पाहिजे. भावनेवर जाण्याआधी मी म्हटलं, आपल्याकडं या गाड्या आल्या कशा ते बघू. त्यातच उत्तर सापडतं.

जीप ही मुळात दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन गाडी. 1945 ला मुंबईत महिंद्रा अँड मोहम्मद नावाची कंपनी निघाली. फाळणीनंतर त्यातले भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथं अर्थमंत्री आणि पुढं गव्हर्नर जनरल झाले. इकडं 1948 ला नाव बदलून महिंद्रा अँड महिंद्रा झालं. सुरुवातीला सुटे भाग आणून विलीज जीप मुंबईत जोडायचे. पण ती पेट्रोलवर. शेतमाल वाहायला परवडणारी नाही. 1979 ला कंपनीनं फ्रान्सच्या प्यूजोकडून डिझेल इंजिनाचा परवाना घेतला, 2112 सीसीचं. डिझेल आलं तशी जीप गावातल्या कामाला लागली.

दुसरी वाट पुण्याकडची. बजाज टेम्पो 1958 ला निघाली, जर्मनीच्या टेम्पो कंपनीशी करार करून. पहिली गाडी तीनचाकी हॅन्सिएट. 1969 पासून मॅटाडोर. आज गावात कुठल्याही मालगाडीला आपण 'टेम्पो' म्हणतो ते या कंपनीच्या नावावरनं. कंपनीनं नाव बदलून फोर्स केलं, आपण काय बदललं नाय.

ऐंशीच्या दशकात चार जपानी कंपन्या भागीदारीत हलक्या मालगाड्या घेऊन आल्या: आल्विन निसान, डीसीएम टोयोटा, स्वराज माझदा आणि आयशर मित्सुबिशी. टाटांनी 1986 ला 407 काढून त्यांना तोंड दिलं. मग 2005 ला टाटा एस आली, आपला छोटा हत्ती. दोन सिलिंडर, 702 सीसी. ज्याच्याकडं दोन-अडीच एकर भाजी आहे त्यालाही स्वतःची चारचाकी मालगाडी घेता येईल असं तेव्हा पहिल्यांदा वाटलं. पुढं 2016 च्या जुलैत राज्य सरकारनं फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला. शहरात थेट विक्री वाढली, तशी घरची गाडी असण्याची किंमतही वाढली.

आता या सगळ्यात एक गोष्ट दिसते का बघा. बैलगाडी गेली ती बैल वाईट होता म्हणून नाही, बाजार लांब गेला म्हणून. प्रत्येक वेळी गाडी बाजारानं ठरवली.

मग जुन्या गाडीचा मोठेपणा कशात? लोक म्हणतात लोखंड दणकट. ते आहेच. पण खरा मोठेपणा म्हणजे तिच्यात काय बिघडलंय ते कानाला कळतं. डिझेल पंप मेकॅनिकल, नोजल खोलून साफ करता येतो, सेल्फ गेला तर ढकलून चालू होते. संगणक नाही. पाटा तुटला तर तालुक्यात बदलून मिळतो. म्हणजे गाडीमागं माणसांची एक साखळी होती: पंपवाला, पाटेवाला, पत्राकाम करणारा, लेथवाला. गाडी टिकली ती या साखळीवर. आमच्याकडं आता पंपाचं काम करणारे मिस्त्री थकलेत, पोरं दुसऱ्या धंद्यात गेली. पंपाच्या कामाला जिल्ह्याला जावं लागतं. साखळी तुटली की दणकट लोखंडसुद्धा जागेवर गंजतं.

नवी गाडी उलटी. कॉमन रेल इंजिन, सेन्सर. 1 एप्रिल 2020 पासून बीएस सहा. एक दिवा लागला की स्कॅनरवाला शोधा. तोड्याच्या दिवसात असं झालं तर 150 क्रेट बांधावर राहतात. हा धोका खरा आहे, भाऊ म्हणतो ते खोटं नाही.

हिशेब मांडला. जुनीला इंजिनकाम, पत्रा, हौदा, टायर, वायरिंग मिळून मिस्त्रीचा अंदाज दोन लाखांच्या पुढं. त्यावर कागद. 10 वर्षांवरच्या डिझेल गाड्यांच्या बंदीचं जे कानावर येतं तो हरित लवादाचा दिल्ली परिसरापुरता आदेश, आपल्याकडं तसं सरसकट नाही. पण मालवाहू गाडी आठ वर्षांची झाली की पासिंग दरवर्षी लागतं, आणि 15 वर्षांवरच्या गाडीची फी 1 एप्रिल 2022 पासून बरीच वाढलीय. कोणी म्हणेल शेतातच चालवू, पासिंग कशाला? तर पाणंद रस्ता, शिवरस्ता याही कायद्यानं सार्वजनिक जागाच. तिथं अपघात झाला आणि विमा नसला तर शेत विकायची पाळी येईल.

म्हणून आमचं ठरलं असं. नवी ठेवायची. रात्री दोनला घाटातनं माल न्यायचा तर ब्रेक, दिवे आणि विमा पक्का पाहिजे. हप्ते 14 राहिलेत, निम्म्याहून जास्त फिटलेत. पण नवीला जुनीसारखं सांभाळायचं: डिझेल फिल्टर वेळेवर, पंपावरचं डिझेल खात्रीचं, ओव्हरलोड नाही, आणि पोरानं स्कॅनर वाचायला शिकायचं. तुटलेली साखळी घरातनंच परत जोडायची.

जुनी नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रावर देणार, साध्या भंगारवाल्याला नाही. केंद्रावर ठेव प्रमाणपत्र मिळतं, नवीन गाडी घेताना त्यावर रोड टॅक्समध्ये सवलत आहे, आणि आरसी रीतसर रद्द होते. नाहीतर आपल्या नावाची गाडी उद्या कुठं सापडेल सांगता येत नाही.

तुमचं गणित वेगळं असू शकतं. तुमच्याकडं कागद चालू असतील, पंपाचा मिस्त्री गावात असेल आणि बाजार दहा किलोमीटरवर असेल तर जुनी जरूर उभी करा. या तिन्हीतलं एक जरी नसलं तर दोनदा विचार करा.

भाऊ दोन दिवस बोलला नाही. काल आपणहून हौद्यातल्या सागवानी फळ्या काढून घेतल्या. कांद्याच्या चाळीला लागतील म्हणाला.