इंग्लंडमधील जमीनदार आणि उमराव घराण्यांच्या वंशावळी

इंग्लंडमधील जमीनदार आणि उमराव घराण्यांच्या वंशावळींचे मूळ जमिनीच्या हक्कात आहे. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि जुन्या सॅक्सन मालकांच्या बहुतेक जमिनी आपल्या सरदारांत वाटल्या. कोणाकडे कोणती जमीन आहे याची नोंद १०८६ मध्ये ‘डूम्सडे बुक’ या पाहणीत झाली. मोठे जमीनदार थेट राजाकडून जमीन धारण करत. असा धारक वारला की वारस कोण, तो वयात आला आहे की अज्ञान, हे राजाला ठाऊक असणे भाग असे, कारण अज्ञान वारसाचे पालकत्व आणि त्या काळातील जमिनीचे उत्पन्न राजाकडे जाई. त्यामुळे तेराव्या शतकापासून स्थानिक पंचांच्या साक्षीने मृत्यूनंतरची चौकशी होऊ लागली. सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत चाललेल्या या चौकश्यांचे कागद म्हणजे मध्ययुगीन घराण्यांचा एक अत्यंत भरवशाचा पुरावा होय.

वारशाचा नियमही वंशावळीला महत्त्व देणारा होता. वाडा आणि इस्टेट साधारणपणे ज्येष्ठ पुत्राकडे जात. किताबही एका वेळी एकाच व्यक्तीकडे असे. उमरावाची इतर मुले कायद्याने सामान्य प्रजाजनच ठरत. धाकटी मुले धर्मसेवा, लष्कर, वकिली किंवा व्यापाराकडे वळत आणि पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतही शिरत. हीच रीत स्कॉटलंडमध्येही होती. १८१९ ते १८२७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेले माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हे तिथल्या एका लॉर्डचे चौथे पुत्र. या रीतीमुळे उमराव आणि बिनकिताबी जमीनदार, म्हणजे जेन्ट्री, रक्ताच्या नात्याने जोडलेले राहिले.

उमरावांच्या पायऱ्या हळूहळू ठरत गेल्या. अर्ल आणि बॅरन जुने. पहिला इंग्लिश ड्यूक १३३७ मध्ये, मार्क्वेस १३८५ मध्ये आणि व्हायकाउंट १४४० मध्ये झाला. १६११ मध्ये पहिल्या जेम्सने बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताब सुरू केला. त्यासाठी १,०९५ पौंड भरावे लागत, वर्षाचे उत्पन्न किमान १,००० पौंड असावे लागे आणि आजोबांकडे कुलचिन्ह असल्याचे दाखवावे लागे. पैसा असला तरी तीन पिढ्यांचा दाखला हवाच, असा हा दंडक होता.

बाराव्या शतकात ढालींवर दिसू लागलेली कुलचिन्हे लवकरच वंशपरंपरागत झाली. ती कोण वापरू शकतो हे ठरवण्याचे काम हेराल्ड या राजसेवकांकडे आले. १४८४ मध्ये तिसऱ्या रिचर्डने त्यांना सनद दिली आणि ‘कॉलेज ऑफ आर्म्स’ ही संस्था उभी राहिली. १५३० पासून हेराल्ड राजाचे फर्मान घेऊन एकेका परगण्याचा दौरा करू लागले. ट्रेंट नदीच्या दक्षिणेकडचा प्रदेश ‘क्लॅरेन्स्यू’ या अधिकाऱ्याकडे, तर उत्तरेकडचा ‘नॉरॉय’कडे असे. स्वतःला ‘जंटलमन’ किंवा ‘एस्क्वायर’ म्हणवणाऱ्यांना बोलावणे जाई. ते जुने दस्त, शिक्के, कबरींवरील लेख आणि घरातल्या वंशावळी पुढे ठेवत. पुरावा पटला तर वंशावळ नोंदवहीत चढे. न पटल्यास त्या माणसाला आपला दावा लेखी सोडून द्यावा लागे किंवा त्याचे नाव जाहीरपणे वगळले जाई. १६८८ च्या राज्यक्रांतीनंतर असे दौरे पुन्हा निघाले नाहीत.

हेराल्डांना यासाठी शुल्क मिळे, आणि श्रीमंत झालेल्या घराण्यांना जुने पूर्वज हवे असत. त्यातून खोट्या वंशावळी तयार झाल्या. स्पेन्सर घराण्याचे उदाहरण प्रसिद्ध आहे. मेंढपाळीच्या व्यवसायात वर आलेल्या जॉन स्पेन्सरने १५०८ मध्ये नॉर्थॅम्प्टनशायरमधील ऑल्थॉर्प विकत घेतले. १५९५ मध्ये तेव्हाचे क्लॅरेन्स्यू रिचर्ड ली यांनी या घराण्याचे मूळ मध्ययुगातील बलाढ्य डिस्पेन्सर उमरावांशी जोडून दिले, आणि स्पेन्सरांनी त्यांचे कुलचिन्हही उचलले. कधीकधी हेराल्डांतच वाद होई. १६०२ मध्ये राल्फ ब्रूक या हेराल्डने, गार्टर पदावरील अधिकारी हलक्या कुळांना चिन्हे देतात, अशी तक्रार केली; तिच्यात नट शेक्सपिअर यांच्या घराण्याचाही उल्लेख होता.

याच काळात पुराव्यावर आधारलेल्या संशोधनाचा पायाही घातला गेला. १५३८ मध्ये थॉमस क्रॉमवेलच्या आदेशाने प्रत्येक पॅरिशच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद सुरू झाली होती. विल्यम डगडेल यांनी मठांच्या सनदा आणि सरकारी दप्तरे तपासून १६५६ मध्ये वॉरिकशायरचा इतिहास आणि १६७५-७६ मध्ये इंग्लंडच्या बॅरन घराण्यांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्या विधानांना कागदाचा आधार देण्याची त्यांची शिस्त पुढच्या अभ्यासकांना मार्गदर्शक ठरली.

एकोणिसाव्या शतकात वंशावळी छापील पुस्तकांतून घरोघरी पोचल्या. जॉन डेब्रेट यांचा उमरावांवरील ग्रंथ १८०२ मध्ये आणि जॉन बर्क यांचा १८२६ मध्ये निघाला. बर्क यांनी १८३३ पासून बिनकिताबी जमीनदार घराण्यांचेही खंड काढले. घराण्यांनी स्वतः कळवलेली माहिती त्यांत बरीच असल्याने दंतकथाही छापल्या गेल्या. एडवर्ड फ्रीमन या इतिहासकाराने १८७७ मध्ये त्यांवर कठोर टीका केली. पुढे जे. होरेस राउंड यांनी दस्तऐवज ताडून पाहत स्पेन्सरांचे डिस्पेन्सर मूळ आणि फील्डिंग घराण्याचे हॅब्सबर्ग मूळ निराधार ठरवले. जी. ई. कोकेन यांनी १८८७ ते १८९८ या काळात उमराव घराण्यांचा जो संपूर्ण कोश रचला, त्याच्या विस्तारित आवृत्तीत हीच चिकित्सक पद्धत स्थिर झाली. या छाननीनंतर, नॉर्मन विजयाच्या आधीपर्यंत पुरुष वंश मागे नेता येईल अशी आर्डन आणि बर्कलीसारखी मोजकीच घराणी उरली.

१९९९ च्या कायद्याने ९२ जागा सोडून बाकी वंशपरंपरागत उमरावांचा लॉर्ड्स सभागृहात बसण्याचा हक्क काढून घेतला. कॉलेज ऑफ आर्म्स मात्र आजही लंडनमध्ये कुलचिन्हे देते आणि वंशावळी नोंदवते. हेराल्डांच्या दौऱ्यांच्या जुन्या वह्या १८६९ मध्ये स्थापन झालेल्या हार्लियन सोसायटीने मोठ्या प्रमाणात छापल्या आहेत. जमिनीची खरेदी-विक्री, विवाहसंबंध आणि घराण्यांचा उदयास्त अभ्यासण्यासाठी इतिहासकार त्या वापरतात, पण त्यांतले प्रत्येक नाव मूळ कागदांशी पडताळून घेतल्यावरच ग्राह्य धरतात.