दिनविशेष, १८ जुलै : चिनी मुखवटे आणि दायमाबादचा रथ

१९८६ साली आजच्या दिवशी चीनच्या सिचुआन प्रांतात सानशिंगदुई इथं विटांसाठी माती खणणाऱ्या कामगारांना एक प्राचीन खड्डा लागला. महिनाभरात शेजारीच दुसरा सापडला आणि त्यातून कांस्याचे मोठाले मुखवटे वर आले. सर्वांत मोठा १३८ सेंटिमीटर रुंद, बुबुळं खेकड्यासारखी बाहेर आलेली! वय तीन हजार वर्षांहून जास्त.

आपल्याकडे असंच घबाड त्याच्या बारा वर्षं आधी निघालं होतं. गाजावाजा मात्र तेवढा झाला नाही. १९७४ मध्ये श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेकाठच्या दायमाबादला एक भिल्ल शेतकरी झुडपाची मुळं खणत होता. हाती आले कांस्याचे हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा रथ. सगळं मिळून साठ किलोंच्या वर. रथ जेमतेम ४५ सेंटिमीटर लांब, त्यात उभा हाक्या १६ सेंटिमीटरचा. गेंडा आणि रेडाही चाकांवर. हत्तीची चाकं तेवढी हरवलेली. उत्खनन करणाऱ्यांनी या वस्तू उत्तर हडप्पाकाळातल्या मानल्या. धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणावरून काहींनी शंकाही काढली.

दायमाबादच्या सर्वांत खालच्या वस्तीला अभ्यासक ‘सावळदा संस्कृती’ म्हणतात. हे सावळदा म्हणजे खान्देशातलं तापीकाठचं गाव. तीच तापी पुढं सुरतेला येते, आणि तिथल्या पांडेसऱ्याच्या डाइंग मिलांत पाळी करणारे कितीतरी जण त्याच काठावरून आलेले आहेत.