साबणाचे कण मोजताना

बारामतीहून फलटणला जाताना नीरेच्या अलीकडे सांगवी लागते. समजा, आपल्या वर्गातल्या दोन मुलांना आपण त्या रस्त्याच्या कडेला बसवलं. एकाने वाहनं मोजायची, दुसऱ्याने माणसं. पहिल्याचा आकडा आला 20 आणि दुसऱ्याचा 400. कोणाचं चुकलं? कोणाचंच नाही. एस.टी. गाड्या भरून चालल्या होत्या, एवढंच!

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला साबणाने रसायनशास्त्रज्ञांना असाच पेच घातला होता.

मीठ पाण्यात विरघळलं, की त्याचे आयन सुटे होतात. द्रावणाचा बाष्पदाब किती उतरला, यावरून कणांची संख्या कळते. कण लहान की मोठा याने फरक पडत नाही. द्रावणातून वीज किती वाहते, यावरून कणांनी वाहून नेलेल्या विद्युतभाराचा अंदाज येतो. मिठाच्या विरल द्रावणात ही दोन्ही उत्तरं जुळतात. साबणाची मात्र जुळेनात. बाष्पदाबावरून कण फारच थोडे दिसत. मग वीजही कमी वाहायला हवी. पण ती चांगली वाहत होती.

इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला जेम्स विल्यम मॅकबेन (जन्म 1882, कॅनडा) हे काम करत होते. त्यांनी दोन्ही आकडे खरे मानले आणि 1913 मध्ये एक कल्पना मांडली. साबणाचे आयन एकत्र येऊन पुंजके करत असतील तर? पुंजका मोजताना एकच, पण भार अनेकांचा! या पुंजक्याला त्यांनी 'मिसेल' म्हटलं. लॅटिनमधल्या 'कण' अशा अर्थाच्या शब्दावरून आलेलं हे नाव वनस्पतिशास्त्रज्ञ नेगेली यांनी आधीच वापरात आणलं होतं. लंडनच्या एका सभेत अध्यक्षांनी "काहीतरीच काय, मॅकबेन!" म्हणून त्यांना उडवून लावलं, असा किस्सा सांगतात.

पुंजका का होतो? साबणाच्या रेणूचं डोकं पाण्यात रमतं, तर लांब शेपटी पाण्याला टाळते. रेणू थोडे असतील तर ते पृष्ठभागावर शेपट्या बाहेर काढून बसतात. तिथली जागा भरली, की उरलेले आत गोळा होतात : शेपट्या आत, डोकी बाहेर. हा गोल आकार हार्टली यांनी 1936 मध्ये मांडला. शांपूत वापरलं जाणारं सोडियम डोडेसिल सल्फेट घेतलं, तर 25 अंश सेल्सियसला लिटरभर पाण्यात सुमारे 2.3 ग्रॅम झाल्यावर पुंजके बनू लागतात. एकेका पुंजक्यात साधारण 60 रेणू असतात. कपड्यावरचं तेल या शेपट्यांच्या घोळक्यात शिरतं आणि पाण्याबरोबर निघून जातं.

आपल्या आतड्यातही हेच चालतं. पित्तरसातले क्षार पचलेल्या चरबीबरोबर मिसेल बनवतात. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं त्यांतूनच आतड्याच्या अस्तरापर्यंत पोचतात.

पुण्यात पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा उभी राहिली, तेव्हा तिचे पहिले संचालक म्हणून आले ते हेच मॅकबेन. 3 जानेवारी 1950 रोजी पंडित नेहरूंनी तिचं उद्घाटन केलं. सत्तरीला आलेले मॅकबेन 1952 पर्यंत तिथे होते. 1953 मध्ये त्यांचं निधन झालं.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. पावसाच्या पाण्यात शांपूची चढत्या प्रमाणाची सात-आठ द्रावणं करा. (विहिरीचं दुष्फेन पाणी नको, त्यातले क्षार मोजमापात ढवळाढवळ करतात.) एकाच ड्रॉपरने प्रत्येक द्रावणाच्या 1 मिलिलिटरमध्ये किती थेंब बसतात ते मोजा आणि आलेख काढा. थेंबांची संख्या आधी वाढत जाईल, मग एका ठिकाणी जवळजवळ थबकेल. पृष्ठभाग तिथे भरलेला असतो आणि मिसेल बनू लागलेले असतात.

एखादा मुलगा म्हणेल, "सर, पुढचे आकडे वाढतच नाहीत, चुकले वाटतं." त्याला ते खोडू देऊ नका.