अमेरिकेची लढाई आणि आमचा वर्ध्याचा कापूस

मंडळी, आपला वर्धा जिल्हा कधी जन्माला आला? १८६२ साली. त्याआधी हा सगळा मुलूख नागपूर जिल्ह्यात मोडत असे. जिल्हा वेगळा का केला, याची दोन कारणे जुन्या गॅझेटिअरमध्ये दिली आहेत. एक म्हणजे नागपूर जिल्ह्याचा पसारा फार मोठा होता. दुसरे म्हणजे वर्धा नदीच्या खोऱ्यातल्या कापसाच्या व्यापाराकडे खास लक्ष द्यायला हवे होते. पहिले कारण कुठल्याही जिल्ह्याला लागू पडेल. दुसऱ्याकडे मात्र मी नेहमी थांबतो. १८६२ मध्येच सरकारला आमच्या कापसाची इतकी काळजी का वाटावी?

त्याचे उत्तर बऱ्याच अंशी सातासमुद्रापलीकडे आहे. एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडची राज्ये गुलामांच्या श्रमावर कापूस पिकवत. १८६० मध्ये अमेरिकेत सुमारे ४० लाख गुलाम होते आणि त्यांतले पुष्कळसे कापसाच्या शेतांत राबत. इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन चतुर्थांशाहून अधिक कापूस तिथून येई. लढाई सुरू होताच लिंकनने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली. हळूहळू गिरण्या थंडावल्या आणि लाखो मजुरांच्या चुली विझल्या. मग मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. कापूस नसल्याने ज्यांची उपासमार होत होती, त्या मँचेस्टरच्या कामगारांनी ३१ डिसेंबर १८६२ रोजी सभा भरवली आणि गुलामगिरीविरुद्धच्या लढ्याला पाठिंबा देणारे पत्र लिंकनला धाडले. लिंकनने जानेवारी १८६३ मध्ये त्यांना उत्तर लिहिले. पोटाला चिमटा बसत असताना दुसऱ्याच्या स्वातंत्र्याची बाजू घेणे सोपे नसते. वर्गात हा भाग शिकवताना माझा आवाज थोडा जड व्हायचा.

असो. आपल्याकडे वळू. हिंगणघाटचा कापूस तेव्हा नावाजलेला होता. त्याला 'बनी' म्हणत. देशी कापसात त्याचा धागा लांब आणि मऊ. लिव्हरपूलच्या बाजारात 'हिंगणघाट' हे त्या मालाचे नावच होऊन गेले होते. त्यापूर्वी आमच्या भागातला कापूस बंजाऱ्यांच्या बैलांवर लादून पार गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जाई. आता सगळा ओघ मुंबईकडे लागला. पण आगगाडी अजून इथवर आलेली नव्हती. कापूस बैलगाड्यांनी वाट तुडवत निघायचा आणि जिथे रूळ भेटतील तिथे गाडीत चढायचा.

भाव काही पटींनी चढले. वऱ्हाड-नागपूरच्या शेतकऱ्यांनी बैलगाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या, अशा कथा त्या काळच्या इंग्रज अंमलदारांनी लिहून ठेवल्या आहेत. त्यात तिखटमीठ किती ते देव जाणे, पण कुणबी-माळ्याच्या घरात रोख रुपया आला होता, हे खरे. रुपयाबरोबर लबाडीही आली. गाठीत सरकी आणि माती घालणे, पाणी मारून वजन वाढवणे असले प्रकार इतके बोकाळले, की १८६३ मध्ये मुंबई सरकारला कापसातल्या भेसळीविरुद्ध कायदा करावा लागला.

मुंबईत तर वेडच लागले होते. समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्यांचे शेअर लोक डोळे मिटून घेत होते. ९ एप्रिल १८६५ रोजी जनरल लीने शरणागती पत्करली. ही बातमी मुंबईला पोचली आणि भाव कोसळले. १ जुलै १८६५ हा सौद्यांच्या हिशेबाचा दिवस होता. त्या दिवशी पेढ्याच्या पेढ्या बुडाल्या. प्रेमचंद रायचंदांसारखा बडा व्यापारीही त्यातून सुटला नाही. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर त्यांच्याच देणगीतून उभा राहिला आहे.

आमच्याकडे मात्र गंमत बघा. भाव पडल्यानंतर सोयी आल्या! १८६६ मध्ये जिल्ह्याचे ठाणे पुलगावजवळच्या कवठ्याहून हलवून पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी आणले. तेच आजचे वर्धा शहर. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी रिव्हेट-कार्नॅक नावाचे साहेब कापूस आयुक्त म्हणून नेमले गेले. पुढे वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्यापर्यंत रेल्वेचा फाटा निघाला. त्याच रुळांवरून कापूस बाहेर गेला आणि विलायती कापड आत आले. घरी सूत कातणाऱ्या बायांचा आणि कोष्ट्यांचा धंदा बसत गेला.

आणि शेतकरी? चढत्या भावाच्या भरवशावर त्याने पेरा वाढवला होता आणि कर्जही काढले होते. भाव उतरला, पण सावकाराचे व्याज उतरले नाही. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. त्या उठावामागे इतर कारणे होती, पण कापसाच्या तेजीनंतर आलेली मंदी हेही एक होते. आमच्या मालगुजारी मुलखात तसा भडका उडाला नाही, म्हणून दुःख नव्हते असे कोण म्हणेल? नंतर 'बनी'ही मागे पडली. भरघोस पिकणारी, पण जाडाभरडा धागा देणारी 'जरी' शेतात आली. उतारा जास्त मिळत असताना लांब धाग्याच्या कौतुकाने शेतकऱ्याचे पोट कसे भरणार?

तिकडे १८६५ च्या डिसेंबरात घटनादुरुस्ती होऊन गुलामगिरी कायद्याने संपली. आपल्या महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिले, ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केले. पण मोकळ्या झालेल्या त्या माणसांना जमीन मिळाली नाही. ते बटईने कापूस पेरू लागले. बी-बियाणे दुकानदाराकडून उधारीवर आणायचे, पीक आले की हिशेबात सगळे वळते व्हायचे आणि वर पुन्हा देणे उरायचे. हे वाचून आपल्याकडच्या कोणाला ओळखीचे वाटणार नाही? मिसिसिपीचा बटईदार आणि हिंगणघाटचा कुणबी यांनी एकमेकांचे नावही ऐकले नव्हते, पण दोघांचाही भाव लिव्हरपूलला ठरत होता.

आमच्या नात्यातली मुले आज अमेरिकेत आहेत. ती फोनवर विचारतात, "काका, इतका जुना इतिहास कशाला उगाळता?" त्यांना सांगतो, बाबांनो, तो जुना झालेलाच नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क माफ केले आणि ती सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. अमेरिकेने लावलेल्या जबर शुल्कामुळे आपले कापड कारखानदार अडचणीत होते, हे खरे. त्यांना दिलासा मिळाला. पण नेमका तेव्हाच आमच्याकडे नवा कापूस घरात येत होता. दीडशे वर्षांपूर्वी नाकेबंदीने भाव चढवला, आता शुल्काच्या एका कागदाने तो दबतो. दोन्ही वेळा वेचाई करणाऱ्या बाईला कोणी विचारले नाही.

वेचणीच्या पहिल्या दिवशी आमच्याकडे शेतात सीतादहीची पूजा करायची रीत आहे. शेतातल्या देवीला दहीभात दाखवायचा आणि पीक घरी सुखरूप येऊ दे म्हणायचे. पीक बहुधा येतेही. पुढे त्याचे मोल कोण ठरवतो, हा प्रश्न मात्र १८६२ पासून तसाच आहे. जिल्हा कापसासाठी झाला, पण कापूस पिकवणाऱ्यासाठी झाला का?

तुमच्या घरातल्या जुन्या माणसांकडून रेच्याच्या, गाड्यांच्या किंवा कापसाच्या बाजाराच्या काही गोष्टी ऐकल्या असतील, तर जरूर कळवा. लिहून ठेवल्या नाहीत तर त्याही 'बनी'सारख्या जातील.