एडीएचडीची गोळी परवडत नाही, तेव्हा डॉक्टर काय करू शकतात?

"ताई, पोरगं आता बरं आहे, म्हणून गोळी बंद केली." वस्तीतल्या एका आईने आम्हाला हे सांगितले. दोन-तीन भेटींनंतर खरे कारण कळले. नवरा कंत्राटी सफाई कामगार, दोन महिन्यांचा पगार थकलेला आणि गोळी मिळते ते दुकान दोन बस बदलून जाण्याइतके लांब. हे तिने डॉक्टरांना सांगितले नव्हते आणि डॉक्टरांनीही विचारले नव्हते. केसपेपरवर मात्र शेरा होता की पालक औषधाबाबत निष्काळजी आहेत.

आमच्या कामात अशी घरे वारंवार भेटतात. औषध परवडत नसेल तर त्याचा दोष पालकांचा नाही. ती उपचारातलीच एक अडचण आहे, आणि ताप किंवा रक्तदाबाइतक्याच सहजपणे तिची विचारपूस व्हायला हवी. डॉक्टर, परिचारिका, औषध दुकानदार आणि रुग्णालयातले समाजसेवा अधीक्षक यांच्या हातात यासाठी काय काय आहे आणि कार्यकर्त्यांनी कुठे पाठपुरावा करावा, हे या लेखात मांडत आहोत.

एडीएचडी म्हणजे काय?

लक्ष टिकवता न येणे, अतिचंचलता आणि विचार न करता कृती करणे ही या अवस्थेची मुख्य लक्षणे आहेत. निदान करताना ती वयाच्या 12 वर्षांच्या आधीपासून, किमान 6 महिने आणि घर, शाळा अशा एकापेक्षा जास्त ठिकाणी दिसतात का हे पाहिले जाते. जगभरात साधारण 5 टक्के मुलांमध्ये ही अवस्था आढळते. अनेकांत ती मोठेपणीही टिकते.

प्रत्येक मस्तीखोर मुलाला एडीएचडी नसतो. कमी ऐकू येणे, रक्तक्षय, अपुरी झोप, घरातली मारहाण यांमुळेही मूल वर्गात अस्वस्थ राहते. एका खोलीत सात माणसे राहत असतील तर झोपेचा प्रश्न आधी विचारावा लागतो. पण उलटी चूकही होते. सुस्थितीतल्या घरातल्या मुलाला जी लक्षणे दिसली की तज्ज्ञाकडे नेले जाते, तीच लक्षणे वस्तीतल्या मुलात दिसली की 'याचे अभ्यासात डोकेच नाही' म्हणून त्याला मागच्या बाकावर बसवतात. निदानच झाले नाही तर औषध परवडण्याचा प्रश्न पुढे येतच नाही.

औषधे कोणती आणि अडचण कुठे येते?

भारतात प्रामुख्याने मिथाइलफेनिडेट आणि अॅटोमॉक्सेटिन ही दोन औषधे वापरली जातात. काही मुलांना क्लोनिडिन दिले जाते. 6 वर्षांखालील मुलांसाठी आधी पालकांना वर्तन हाताळण्याचे प्रशिक्षण द्यावे, असे वैद्यकीय मार्गदर्शन आहे.

मिथाइलफेनिडेट हे औषध नियमांच्या 'शेड्यूल एक्स'मध्ये येते. ते विकायला दुकानाला वेगळा परवाना लागतो. चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि त्यातली एक प्रत दुकानदाराला 2 वर्षे जपून ठेवावी लागते. दुरुपयोग टाळण्यासाठी हे निर्बंध आहेत आणि ते योग्यही आहेत. पण त्यामुळे फार थोडी दुकाने हे औषध ठेवतात आणि तालुक्याच्या गावातल्या पालकांना जिल्ह्याला जावे लागते.

म्हणून खर्च मोजताना फक्त गोळीची किंमत धरू नये. समजा महिन्याची गोळी 900 रुपयांची आहे. प्रवासाचे 200 रुपये आणि बुडालेल्या रोजाचे 500 रुपये त्यात मिळवले तर खर्च 1,600 रुपये होतो. दुकानात साठा नसेल आणि पुन्हा यावे लागले तर 2,300. या हिशोबात गोळीची किंमत निम्म्याहून कमी आहे. बाकीचा खर्च व्यवस्थेमुळे झाला आहे आणि तो बराचसा टाळता येतो.

डॉक्टरांनी काय करावे?

पहिली गोष्ट, विचारावे आणि नीट विचारावे. "गोळी नियमित देता ना?" या प्रश्नाला घाबरलेले पालक "हो" म्हणतात. "मागच्या महिन्यात किती दिवस गोळी चुकली? औषध आणायला किती खर्च आला?" असे विचारले की खरे उत्तर मिळते. हे सगळ्याच रुग्णांना विचारावे. कपडे किंवा आडनाव पाहून निवडक लोकांना विचारले तर तोही अपमानच.

दुसरी गोष्ट, चिठ्ठीवर औषधाचे जेनेरिक नाव स्पष्ट अक्षरांत लिहावे. वैद्यकीय व्यवसायाच्या आचारसंहितेत हे सांगितलेलेच आहे. त्यामागे व्यावहारिक कारणही आहे. चिठ्ठीवर एखाद्या कंपनीचे नाव असेल तर दुकानदाराला नियमानुसार त्याऐवजी तेच औषध असलेली दुसऱ्या कंपनीची स्वस्त गोळी देता येत नाही. जेनेरिक नाव लिहिले की निवडीचा मार्ग मोकळा होतो.

तिसरी गोष्ट, गोळीचा प्रकार घराकडे पाहून ठरवावा. मिथाइलफेनिडेटच्या साध्या गोळीचा परिणाम साधारण 4 तास टिकतो. दीर्घ परिणामाची गोळी दिवसातून एकदाच घ्यावी लागते, पण ती महाग पडते. आपल्याकडे अनेक शाळा सकाळ आणि दुपार अशा दोन सत्रांत भरतात. मूल कोणत्या सत्रात आहे हे विचारून साध्या गोळीची वेळ बसवता आली तर काही मुलांचे त्यावर भागते. शाळा दिवसभराची असेल आणि दुसरी गोळी मधल्या सुट्टीत द्यावी लागणार असेल, तर डॉक्टरांनी मुख्याध्यापकांच्या नावे पत्र द्यावे. नाहीतर शाळा गोळी द्यायला नकार देते आणि स्वस्त पर्याय कागदावरच राहतो.

अॅटोमॉक्सेटिन शेड्यूल एक्समध्ये नाही, त्यामुळे ते मिळणे तुलनेने सोपे असते. मात्र त्याचा पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. हे आधी सांगितले नाही तर "पैसे वाया गेले" असे वाटून पालक ते मध्येच थांबवतात. कोणते औषध योग्य हे डॉक्टरच ठरवतील, पण प्रवास आणि खर्च हेही त्या निर्णयातले मुद्दे असायला हवेत.

चौथी गोष्ट, दोन प्रतींतली चिठ्ठी पहिल्याच वेळी द्यावी. तारीख, मात्रा, दिवस आणि सही नीट असावी. एका प्रतीअभावी दुकानदाराने परत पाठवलेले पालक आम्ही पाहिले आहेत. प्रकृती स्थिर असेल तर नियमात बसेल तितक्या जास्त दिवसांचे औषध लिहावे. वजन, उंची, भूक, नाडी आणि रक्तदाब यांची तपासणी त्याच भेटीत उरकावी.

पाचवी गोष्ट, पैसे संपले तर काय करायचे हे आधीच सांगून ठेवावे. दीर्घ परिणामाच्या गोळ्या पुरवून वापरण्यासाठी तोडू किंवा कुटू नयेत. क्लोनिडिन अचानक बंद केले तर रक्तदाब वाढू शकतो. "औषध संपायच्या आठ दिवस आधी कळवा, रागावणार नाही" एवढे वाक्यही पालकांना धीर देते.

दुकानदार आणि समाजसेवा अधीक्षक

औषध दुकानदाराने साठा आहे की नाही हे फोनवर सांगितले तरी एक फेरी वाचते. दर महिन्याला येणाऱ्या रुग्णांची नोंद ठेवली तर औषध वेळेत मागवता येते. किमतींची तुलना करण्यासाठी राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाचे 'फार्मा सही दाम' हे अॅप उपयोगी आहे. शेड्यूल एक्समध्ये नसलेल्या औषधांसाठी जवळच्या जन औषधी केंद्रात आधी चौकशी करावी.

धर्मादाय रुग्णालयांत निर्धन रुग्ण निधी असतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचे कलम 41एए आणि मुंबई उच्च न्यायालयाने 2006 मध्ये मान्य केलेली योजना यांनुसार ही रुग्णालये एकूण बिलाच्या 2 टक्के रक्कम या निधीत जमा करतात. 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणे त्यांना बंधनकारक आहे. हा निधी बहुतेक वेळा भरती रुग्णांच्या संदर्भातच ऐकू येतो. दर महिन्याच्या औषधासाठी मदत होऊ शकते का, याचा अर्ज समाजसेवा अधीक्षकांनी पालकांना स्वतःहून भरून द्यावा.

सरकारी व्यवस्थेतून काय मिळवता येते?

मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या कलम 18 नुसार सरकारी किंवा सरकारी निधीवर चालणाऱ्या मानसिक आरोग्य सेवा मिळणे हा प्रत्येक व्यक्तीचा हक्क आहे. ही सेवा परवडणाऱ्या खर्चात, पुरेशी, जवळच्या ठिकाणी आणि जात, धर्म, वर्ग, लिंग यांवरून भेदभाव न करता मिळाली पाहिजे, असे कायदा स्पष्ट म्हणतो. मुलांसाठीच्या सेवांचाही त्यात उल्लेख आहे. मानसिक आजारासाठीची आवश्यक औषधांच्या यादीतली औषधे सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सर्व सरकारी रुग्णालयांत मोफत मिळावीत, अशीही तरतूद आहे. आपल्याकडे ग्रामीण रुग्णालये या पातळीवर येतात.

महाराष्ट्रात 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार निःशुल्क झाले आहेत. जिल्हा रुग्णालयांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची बाह्यरुग्ण सेवा असते. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. तिथे बाह्यरुग्ण विभागही चालतो आणि तिथे जाणे म्हणजे भरती होणे नव्हे, हे पालकांना समजावून सांगावे लागते.

शाळा आणि अंगणवाडीत तपासणी करणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत एडीएचडीचा समावेश आहे. हा कार्यक्रम 18 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. पथक शाळेत येईल तेव्हा शिक्षकांनी अशा मुलांची नावे द्यावीत. पुढे त्यांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवता येते.

टेली-मानसच्या 14416 या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. मात्र मिथाइलफेनिडेटची चिठ्ठी फोनवरून देता येत नाही. 2020 च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनी शेड्यूल एक्सच्या औषधांना ती मनाई केली आहे. दोन भेटींमधल्या शंकांसाठी मात्र हा क्रमांक जरूर वापरावा.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे कार्ड दाखवून ही गोळी मिळेल, असे अनेकांना वाटते. ही योजना मुख्यतः भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे, दर महिन्याच्या गोळ्यांसाठी नाही. ईएसआयचे तसे नाही. महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या विमाधारक कामगाराच्या कुटुंबाला बाह्यरुग्ण औषधेही मिळतात. सुरुवातीला सांगितलेल्या घरात नेमके हेच निघाले. वडिलांच्या पगारातून दर महिन्याला 0.75 टक्के कापले जात होते, पण घरात कोणी ईएसआयचे कार्ड पाहिलेच नव्हते. डॉक्टरांनी "नोकरी कुठे करता?" एवढे विचारले असते तर मुलाची गोळी बंद पडली नसती.

कार्यकर्त्यांसाठी

आपल्या भागातल्या ग्रामीण आणि जिल्हा रुग्णालयात यापैकी कोणती औषधे आहेत, हे लेखी विचारा. उत्तर मिळाले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. औषध नसेल तर स्थानिक खरेदीची मागणी रुग्ण कल्याण समितीपुढे ठेवा. शेड्यूल एक्सचा परवाना असलेल्या दुकानांची यादी वस्तीत लावा. चार-पाच पालकांचा गट झाला तर फेऱ्यांचा आणि माहितीचा भार वाटून घेता येतो.

स्पर्धा परीक्षेच्या तयारीत असलेल्या तरुणांनाही एक सांगणे आहे. जागरणासाठी दुसऱ्याची ही गोळी घेणे धोक्याचे आहे आणि बेकायदेशीरही आहे. दुरुपयोग वाढला की निर्बंध आणखी आवळले जातात आणि खऱ्या गरजू मुलाला दुकानातून रिकाम्या हाताने परतावे लागते.

आणि एखाद्या आईने "गोळी बंद केली" म्हटले तर आधी "का?" विचारू नका. "कुठून आणत होता आणि किती खर्च यायचा?" हे विचारा. बहुतेक वेळा कारण त्याच उत्तरात सापडते.